दारात हातात पडणारी चोवीस पानं

दर रविवारी उपासना सुरू व्हायच्या आधी पाऊण तास मी आमच्या चर्चच्या दारात उभी असते. अकरा वर्षं झाली या सेवेला. आलेल्याचं स्वागत करायचं, म्हाताऱ्या माणसांना हात द्यायचा आणि चेहरा नवीन वाटला की उपासनेची पुस्तिका हातात ठेवायची. गेल्या वर्षी मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांनी, पाहुण्यांसाठी ही पुस्तिका नव्याने छापून घेतली. २४ पानं, मधे दोन पिना, पर्समध्ये मावेल एवढा आकार. वर्षभर ती वाटली, ती वाचणाऱ्यांचे चेहरे पाहिले, नंतर त्यांच्या शंका ऐकल्या. ख्रिस्ती उपासनेत नेमकं काय चालतं याची उत्सुकता असलेल्या माणसाला ती कितपत उपयोगी पडते, ते सांगते.

आधी जमलेली गोष्ट. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणतात ती वाक्यं साध्या अक्षरांत आहेत, सगळ्यांनी मिळून म्हणायची ती ठळक आहेत. समासात उभ्या आणि बसलेल्या माणसाची छोटी चित्रं आहेत. किरकोळ वाटेल, पण पहिल्यांदा आलेल्या माणसाच्या मनात देवापेक्षा जास्त जागा एका भीतीने अडवलेली असते, की सगळे बसले आणि मी एकटाच उभा राहिलो तर? जुन्या पुस्तिकेच्या वेळी पाहुणे अख्खा तासभर शेजाऱ्याच्या गुडघ्यांकडे बघत बसायचे. आता ते समोर बघतात.

दुसऱ्या पानावर जस्टिनची गोष्ट आहे आणि तिच्यासाठी संपादकांचे मनापासून आभार. जस्टिन हा दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती शिक्षक. ख्रिस्ती लोक एकत्र जमून काय करतात याबद्दल तेव्हा नाही नाही ते बोललं जायचं, म्हणून इसवी सन १५५ च्या सुमारास त्याने सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून सगळं उघड लिहून टाकलं. रविवारी गावातले आणि आसपासचे लोक एका जागी जमतात. प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात. मग पुढारी उपदेश करतो, सगळे उठून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस आणला जातो, लोक 'आमेन' म्हणतात, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा घरी पोहोचवला जातो. ज्याला ऐपत आणि इच्छा असेल तो देतो. ते पैसे अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांच्यासाठी वापरले जातात. पुढची बावीस पानं उलटत गेलात तर हाच क्रम भेटतो. बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं ही आमच्यातली किती जुनी रीत आहे, ते यातून कळतं.

उपासना पापांगीकाराने सुरू होते आणि पहिला प्रश्न बहुतेक तिथेच येतो. एका मावशींनी नंतर मला विचारलं होतं, "एवढी साधी माणसं दिसता, मग आल्या आल्या सगळे मिळून माफी कसली मागता?" पुस्तिकेत याला तीन ओळी दिल्यात. त्या चांगल्या आहेत, पण थोडक्यात आटोपल्यात. मी मावशींना जे सांगितलं ते असं. आम्ही तिथे घाबरून माफी मागत नाही. केलं त्याची आणि करायचं राहून गेलं त्याचीही कबुली देतो, आणि लगेच पाळक देवाच्या वतीने क्षमा जाहीर करतात. क्षमा कमवायची नसते, ती कृपेने मिळते, असा आमचा विश्वास आहे. चांगली कामं करायची ती क्षमा मिळावी म्हणून करायची नसतात, ती मिळालीय म्हणून होतात. आमच्या सगळ्या शिकवणीचा कणा हाच. त्याला अख्खं पान द्यायला हवं होतं.

शास्त्रपाठांचा भाग मला कच्चा वाटला. जुन्या करारातला उतारा, मग स्तोत्र, मग नव्या करारातल्या पत्रातला उतारा आणि शेवटी शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची हकिगत, असे चार पाठ होतात. हे उतारे पाळक आपल्या मर्जीने निवडत नाहीत. आमच्यासारख्या बऱ्याच मंडळ्या १९९२ साली तयार झालेलं तीन वर्षांचं सामायिक वेळापत्रक वापरतात. शुभवर्तमानं चार आहेत: एक वर्ष मुख्यतः मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान अधूनमधून तिन्ही वर्षांत. म्हणजे त्याच रविवारी दूरदेशीच्या अनोळखी मंडळीतही तोच उतारा वाचला जात असतो. मला या गोष्टीचा फार आधार वाटतो. पुस्तिकेत मात्र फक्त "पाठ वेगळ्या कागदावर पाहा" असं छापलंय. तो सुटा कागद पाचव्या मिनिटाला बाकाखाली जातो. शुभवर्तमानाच्या वेळी सगळे उठतात, याचंही कारण दिलेलं नाही. तिथे ख्रिस्ताचे स्वतःचे शब्द ऐकायचे असतात, आणि ते उभं राहून ऐकायचे, एवढी एक ओळ पुरली असती.

मतांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं, बाराव्या पानावर आहे. त्याची पार्श्वभूमी नीट दिली आहे. पुत्र हा देवाने निर्माण केलेला की स्वतः देवच, या एरियस नावाच्या धर्मगुरूने उभ्या केलेल्या वादावर ३२५ साली नायसिया इथे धर्मसभा भरली. आपण म्हणतो ते विस्तारलेलं रूप ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेशी जोडलं जातं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तरी देव एकच. येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. तो क्रूसावर मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. तो दिवस रविवार होता, म्हणून आम्ही रविवारी जमतो. आणि या सगळ्यात मधेच, ज्याच्या हुकुमाने येशूला क्रूसावर दिलं त्या पंतय पिलात या रोमी सुभेदाराचं नाव येतं. पाहुण्यांना ते खटकतं, कारण प्रार्थनेत अशा माणसाचं नाव कशाला? मला ते नाव फार मोलाचं वाटतं. पिलात इसवी सन २६ ते ३६ या काळात यहूदियावर होता. आमचा विश्वास 'कोणे एके काळी' वर उभा नाही. एका ठरावीक सुभेदाराच्या कारकिर्दीत, एका ठरावीक ठिकाणी घडलेल्या गोष्टीवर तो उभा आहे.

याच पानाबद्दल एका तरुणाने मला दारात थांबवलं होतं. पुस्तिका मुठीत गुंडाळलेली, चेहरा ओढलेला. "सगळे उठले म्हणून मी उठलो, सगळ्यांबरोबर वाचत गेलो. पण माझा यावर विश्वास नाही. मी खोटं बोललो का?" इतक्या प्रामाणिकपणे विचारलेला प्रश्न मला क्वचितच ऐकायला मिळाला असेल. मी म्हटलं, "तुम्ही उभे राहिलात हा आमचा मान ठेवलात. शब्द ओठावर येत नसतील तर गप्प राहा. गप्प राहणाऱ्याला इथे कुणी टोकत नाही." हे वाक्य बाराव्या पानाच्या तळाशी असायला हवं. पाहुण्याला सोबत यायचं निमंत्रण जरूर द्यावं, पण न म्हणण्याची मोकळीकही छापून द्यावी.

आता चौदावं पान, म्हणजे प्रभुभोजन, भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा विधी. मला हे लिहायला बसवलं ते खरं तर याच पानाने.

जुन्या पुस्तिकेत इथे फक्त "भाविकांनी पुढे यावे" एवढंच होतं. एका रविवारी एक बाई एकट्याच आल्या होत्या. त्यांची रांग उठली तशा त्याही उठल्या आणि वेदीच्या कठड्याशी बाकीच्यांसारखं गुडघे टेकून त्यांनी ओंजळ पुढे केली. भाकर देणाऱ्या सेवकाने काहीतरी पुटपुटत विचारलं, त्यांना ते कळलं नाही, आणि तो पुढच्या माणसाकडे सरकला. त्यांची ओंजळ तशीच राहिली. मग त्यांनी हळूच बोटं मिटली, जणू हातात काहीतरी आहे. त्या परत आल्या, पर्स उचलली आणि आशीर्वचनाच्या आधीच माझ्या समोरून निघून गेल्या. मी हाक मारली नाही. पुन्हा त्या आल्या नाहीत.

नवीन पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की आमच्या मंडळीत बाप्तिस्मा झालेले लोक भाकर आणि प्याला घेतात, मग ते कोणत्याही मंडळीचे असोत. बाकी कुणालाही पुढे येता येतं. दोन्ही हात छातीवर आडवे ठेवले की पाळक डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. जागेवर बसून राहिलात तरी चालतं. शेजारी हात दुमडलेल्या बाईचं छोटं रेखाचित्र आहे. ते चित्र पाहिलं की मला त्या मिटलेल्या बोटांची आठवण येते. हे पान त्या दिवशी हातात असतं तर!

प्रभुभोजनाचा अर्थ सांगताना पुस्तिका पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाकडे जाते, ते योग्यच. करिंथच्या मंडळीला इसवी सन ५५ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात तो शेवटच्या रात्रीची हकिगत सांगतो. येशूने भाकर घेतली, उपकार मानले, मोडली आणि दिली. पुढे मात्र "हे एक गूढ आहे" म्हणून पुस्तिका थांबते. उत्सुक माणसाला एवढ्यावर वाटेला लावू नये. कॅथलिक मंडळी म्हणते की भाकर आणि द्राक्षारस यांचं सार बदलून ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतं. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांपैकी ल्यूथर ख्रिस्त तिथे खरोखर हजर आहे यावर ठाम होता, झ्विंग्ली याला मुख्यतः स्मरण मानायचा. १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला दोघे समोरासमोर बसले, १५ पैकी १४ कलमांवर एकमत झालं आणि या भोजनावर अडलं. आमची मंडळी म्हणते की ख्रिस्त या भोजनात खरोखर भेटतो, कसा ते आम्ही मोजून सांगत नाही. हे चार ओळींत मावतं. ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत हे पाहुण्यापासून लपवण्यात काय अर्थ?

प्याल्यात दारू असते का, हे तर हमखास विचारलं जातं, आणि ज्यांनी दारू सोडलीय त्यांच्यासाठी तो जीवनमरणाचा प्रश्न असतो. आमच्याकडे न आंबवलेला द्राक्षरस असतो. १८६९ साली थॉमस वेल्च नावाच्या अमेरिकेतल्या मेथडिस्ट दंतवैद्याने रस तापवून आंबण्यापासून वाचवण्याची रीत प्रभुभोजनासाठीच वापरात आणली, तिथून हे सोपं झालं. पुस्तिकेत याचा उल्लेखच नाही. पुढच्या छपाईत तो यायलाच हवा.

बाकीच्या पानांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. दानाची थैली फिरते तिथे "पाहुण्यांनी काही देण्याची अपेक्षा नाही" असं ठळक छापलंय, शाबास. प्रभूची प्रार्थना पूर्ण दिली आहे. 'आमेन' म्हणजे 'खरोखर, तसंच असो' आणि 'हालेलुया' म्हणजे 'परमेश्वराची स्तुती करा', हे दोन्ही हिब्रू शब्द शेवटच्या पानावर उलगडलेत. गीतांचे फक्त क्रमांक आहेत, शब्द नाहीत, त्यामुळे गीतांचं पुस्तक वेगळं द्यावं लागतं आणि पाहुण्याचे दोन्ही हात अडकतात. कागद चांगला आहे, वर्षभर हाताळूनही कोपरे फाटलेले नाहीत. अक्षरं मात्र म्हाताऱ्या डोळ्यांना बारीक पडतात.

पुस्तिकेला पाचपैकी मी चार तारे देईन. पाचवा राखून ठेवलाय तो चौदाव्या पानाच्या जागेमुळे. उपासनेच्या क्रमाने गेलं तर ते चौदावंच यायला हवं, कबूल. पण पाहुणा तिथवर वाचत पोहोचेपर्यंत त्याची रांग उठलेली असते. ते पहिल्या पानावर, मुखपृष्ठ उलटताच दिसलं पाहिजे. मंडळीच्या समितीला मी तसं लिहून दिलं आहे. पुढची छपाई होईपर्यंत शनिवारी संध्याकाळी गठ्ठा घेऊन बसते आणि प्रत्येक पुस्तिकेत चौदाव्या पानाचा कोपरा मुडपून ठेवते, म्हणजे ती हातात घेतल्यावर आधी तिथेच उघडते.