वायरलेस सायकल कॉम्प्युटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

सायकल कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की हल्ली जो तो जीपीएसवालाच घ्यायला सांगतो. मी मात्र विचार करून साधा वायरलेस घेतला: पुढच्या फोर्कवर (चाक धरणाऱ्या दांड्यावर) सेन्सर, स्पोकला चुंबक, हँडलवर छोटासा डिस्प्ले. मला वेग, अंतर आणि वेळ हवी होती. नकाशा नको होता, आणि सारखं चार्जिंग करत बसणं तर मुळीच नको होतं. रोजच्या वापरानंतर ठामपणे सांगतो, एवढ्या कामाला हाच उत्तम.

याचं तत्त्व अगदी सरळ आहे. चुंबक सेन्सरसमोरून गेलं की एक फेरी मोजली जाते, आणि फेऱ्या गुणिले चाकाचा परीघ म्हणजे अंतर. ताशी २५ किलोमीटरला चाक सेकंदाला तीनपेक्षा जास्त फेऱ्या मारतं, त्यामुळे वेग बदलला की आकडाही लगेच हलतो. दाट झाडीखाली किंवा चढावर रेंगाळताना जीपीएसचा वेग वरखाली होतो, तो त्रास इथे नाही.

पण कॉम्प्युटरमध्ये परीघ नीट भरला नाही तर सगळंच फुकट. टायरच्या मापांच्या तक्त्यात ७००×२५ (म्हणजे २५ मिलिमीटर रुंद) टायरला साधारण २१०५ मिलिमीटर असतो, ७००×२८ ला २१३६. फरक किरकोळ वाटतो, पण १०० किलोमीटरमागे जवळजवळ दीड किलोमीटर होतो. त्यात टायर आणि हवा यांप्रमाणे खरा परीघ तक्त्यापेक्षा थोडा वेगळा निघतो. म्हणून मी मोजूनच भरतो. नेहमीइतकी हवा भरायची, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून जमिनीवर खडूने खूण करायची, सायकलवर बसून चाक सरळ रेषेत पूर्ण फिरवायचं, व्हॉल्व्ह परत खाली आला की दुसरी खूण. बसणं महत्त्वाचं, कारण वजनाने टायर दबतो आणि परीघ कमी होतो. एकाऐवजी दोन-तीन फेऱ्या मोजून भागाकार केला तर आणखी चांगलं. टायर बदलला की हे पुन्हा करायचं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते सिग्नलने. रात्री एलईडी लाइट लावला की मध्येच वेग भलताच चढायचा आणि कमाल वेगाची नोंद बिघडून जायची. लाइट हँडलच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि प्रश्न मिटला. स्वस्तातल्या ॲनालॉग मॉडेलमध्ये हे होतंच. कोडेड डिजिटल सिग्नलवाला, म्हणजे प्रत्येक सेन्सरला स्वतःचा कोड असलेला, परवडत असेल तर तोच घ्या. बरेच जण सोबत असतील तर शेजारच्याचा सेन्सर तुमच्या डिस्प्लेवर येण्याची भीतीही त्यात राहत नाही. ॲनालॉगची रेंज जेमतेम हातभर, त्यामुळे सेन्सर फोर्कवर फार खाली बांधू नका. चुंबक आणि सेन्सरमधली फट काही मिलिमीटरचीच हवी, आणि झिप टाय घट्ट ओढा. खडबडीत रस्त्यावर सेन्सर जरासा वळला तरी आकडा शून्यावर येतो.

बॅकलाइट नाही, ही माझी खरी तक्रार. अंधारात काहीच वाचता येत नाही. घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) सायकल चालवणाऱ्यांनाही हा उपयोगाचा नाही, कारण तिथे पुढचं चाक फिरतच नाही. त्यांनी ब्लूटूथ किंवा अँट प्लसवर (ब्लूटूथसारखीच एक वायरलेस पद्धत) चालणारा सेन्सर मागच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, लावावा. त्याला चुंबकही लागत नाही.

घेण्याआधी एक गोष्ट जरूर तपासा: बटण सेल बदलल्यावर एकूण किलोमीटर पुसले जातात का, आणि जात असतील तर जुना आकडा हाताने भरता येतो का. माझ्यात येतो, म्हणून सेल काढण्याआधी मी डिस्प्लेचा फोटो काढून ठेवतो.