शहरातल्या कालव्यांवर नॅरोबोट: घर म्हणून वापरल्यानंतरचा अनुभव

नॅरोबोट, म्हणजे इंग्लंडच्या कालव्यांवरची लांब, अरुंद होडी, विकत घ्यायचा विचार असेल तर ती मागच्या बाजूने बघायला सुरुवात करा. जाहिरातीतले फोटो नेहमी पुढून सुरू होतात. शेगडीसमोरची खुर्ची, पितळी चौकटीच्या गोल खिडक्या, ओकचं फर्निचर. पण होडी शहरातून चालवायची असेल तर तुमचा दिवस कसा जाणार हे मागच्या काही फुटांत ठरतं. तिथे इंजिन असतं, बॅटऱ्या असतात, होडी ढकलणारा पाण्याखालचा पंखा असतो आणि पंख्यापर्यंत हात घालता यावा म्हणून ठेवलेलं एक चौकोनी तोंड असतं, त्याला वीड हॅच म्हणतात. आम्ही नवरा-बायको गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून होडीवरच राहतो. दोघांचंही काम लॅपटॉपवर चालतं. सुरुवातीचे महिने बर्मिंगहॅममध्ये काढले, मग ग्रँड युनियन कालव्याने लंडनला आलो. एक अख्खा हिवाळा होडीवर निघाला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

आमची होडी सेकंडहँड आहे. लांबी ५७ फूट, रुंदी ६ फूट १० इंच. रुंदीत पर्याय नसतो, कारण जुन्या अरुंद कालव्यांवरची लॉक, म्हणजे गेट आणि झडपांनी पाणी भरून-सोडून होडी चढवणारे-उतरवणारे हौद, जेमतेम ७ फुटांची आहेत. लांबी मात्र विचार करून घ्यावी. ७० फुटी होडीत ऐसपैस जागा मिळते, पण उत्तरेकडच्या काही लॉकमध्ये ती मावत नाही. ५७ फुटी होडी देशातल्या बहुतेक सगळ्या कालव्यांवर फिरते, म्हणून विकतानाही तिला गिऱ्हाईक मिळतं. तळाचं पोलाद १० मिलिमीटर, बाजू ६, छप्पर ४. इंजिन ३८ हॉर्सपॉवरचं, डिझेल. मागे क्रूझर स्टर्न, म्हणजे दोघातिघांना उभं राहता येईल असा मोकळा डेक, त्याखाली इंजिन. पारंपरिक घडणीच्या होडीत चालवणारा दारात उभा राहतो, त्याच्या पायांना आतली ऊब मिळते, आणि जानेवारीत तिचा मला खरंच हेवा वाटला. तरीही शहरासाठी मी क्रूझरच घेईन. डेकची फळी उचलली की सगळं इंजिन समोर येतं आणि वीड हॅचपाशी नीट गुडघे टेकून बसता येतं. हे बसणं किती वेळा लागतं ते आता सांगते.

स्मेदिकजवळ होडी अचानक जड झाली. इंजिनाचा आवाज बदलला, धूर काळा झाला, वेग मेला. पंख्यात काहीतरी अडकलं होतं. इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून खिशात ठेवली. हा नियम आमच्याकडे कुणीही मोडत नाही. हॅचचं झाकण उघडून नवऱ्याने खांद्यापर्यंत हात घातला आणि म्हणाला, "कापड आहे, खूप आहे." दातेरी पाव कापायच्या सुरीने कापून काढायला तास गेला. हाताला आधी कुंपणाची तार लागली, मग एका अख्ख्या नायलॉनच्या साडीचे पीळ यायला लागले. गुलाबी, जरीच्या काठाची. इंजिनाच्या फेऱ्यांनी साडी इतकी आवळली होती की कापड उष्णतेने वितळून पंख्याच्या दांड्याला चिकटलं होतं, ते नखाएवढ्या तुकड्यांनी सोलावं लागलं. हातमोजे कोपराच्या वरपर्यंतचे घ्या, कारण पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू असतात, आणि बोटाला चीर असेल तर हात घालूच नका. शेवटी झाकण पुन्हा पक्कं बसवून पेच हाताने हलवून बघायचा. ते सैल राहिलं तर पंखा सुरू होताच पाणी आत उसळतं. चांगल्या होड्या अशाने बुडालेल्या आहेत.

पुढे साउथॉल आणि अल्पर्टनच्या पट्ट्यात पाण्यावर नारळ तरंगताना दिसले. फुलांच्या माळा, कापडात बांधलेलं निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशवीतल्या तसबिरी. इथे राहणाऱ्या आपल्या लोकांना मनापासून सांगते, कालवा ही नदी नाही. दोन लॉकच्या मधलं पाणी जवळजवळ उभं असतं. तुम्ही सोडलेलं काहीही समुद्राला मिळत नाही, ते तिथेच तळाला बसतं किंवा कुणाच्या तरी पंख्यात जातं. निर्माल्य बागेत मुरवा, नारळ फोडून प्रसाद वाटा, आणि साडी कालव्यात सोडण्याऐवजी कुणाला तरी द्या. श्रद्धेला यात काही कमी पडत नाही.

लॉकविषयी सगळेच लिहितात, म्हणून शहरात काय वेगळं होतं तेवढंच सांगते. बर्मिंगहॅमच्या फार्मर्स ब्रिजला तेरा लॉक एकापाठोपाठ आहेत, काही तर रेल्वेच्या कमानींखाली आणि इमारतींच्या पोटात. आम्ही उतरत होतो तेव्हा माझे बाबा महिनाभर राहायला आले होते. ते नाशिकला पाटबंधारे खात्यात होते, उभं आयुष्य कालवे आणि गेट यांत गेलेलं. सकाळी निघालो तर पुढचा टप्पा, म्हणजे दोन लॉकमधला कालवा, रिकामा. रात्री कुणीतरी खालच्या लॉकची झडप उघडी टाकून गेलं होतं आणि सगळं पाणी निघून गेलं होतं. चिखलात सुपरमार्केटची ट्रॉली, रस्त्यावरचा नारंगी कोन, मचाणाचे लोखंडी पाइप, सगळं उघडं पडलेलं. फार्मर्स ब्रिजच्या टप्प्यांची लांबी इतकी कमी आहे की एका झडपेच्या गळतीनेही रात्रीत पातळी खाली जाते. झडपा सहज उघडता येऊ नयेत म्हणून या भागात वेगळ्या किल्लीचं कुलूप असतं. ती किल्ली जवळ हवीच, आणि काम झालं की कुलूप परत लावलंच पाहिजे.

उपाय एकच, वरून पाणी सोडायचं. नवरा विंडलस, म्हणजे झडपेचं हँडल, घेऊन निघाला तसे बाबा म्हणाले, "थांबा. पूर्ण उघडू नका. आधी वरचा टप्पा किती उतरतो ते बघा, नाहीतर तोही कोरडा पडेल." त्यांनी भिंतीवरच्या ओल्या रेषेवर नजर ठेवली. झडप थोडी उघडायची, थांबायचं, परत उघडायची, असं करत दीड तासाने होडी तरंगेल इतकं पाणी झालं. मग त्यांचा पहिला प्रश्न: हे पाणी येतं कुठून? एका अरुंद लॉकमधून होडी उतरवायला सुमारे एक लाख लिटर पाणी खाली जातं. बर्मिंगहॅमचे कालवे उंचावर आहेत, मुख्य पातळी समुद्रसपाटीपासून ४५३ फूट, त्यामुळे पाणी साठवूनच आणावं लागतं. एजबॅस्टनचा जलाशय टॉमस टेलफर्डने १८२० च्या दशकात त्यासाठीच वाढवला. दुसऱ्या दिवशी बाबांना तिकडे घेऊन गेलो. बांधावरून ते दोन तास हलले नाहीत.

लंडनच्या वाटेवर हॅटनला एकवीस लॉक आहेत, दोन मैलांहून कमी अंतरात १४६ फूट उतार. ग्रँड युनियनची ही लॉक १९३० च्या दशकात रुंद केली, म्हणून दोन नॅरोबोट शेजारी शेजारी उतरतात. सोबत कुणी असेल तर काम आणि पाणी दोन्ही निम्मं. आमच्या शेजारच्या होडीच्या कडेला धक्का झेलणारा रबरी फेंडर लोंबत राहिला होता. पाणी उतरायला लागलं तसा तो दोन्ही होड्यांच्या मध्ये पाचर बसावी तसा बसला आणि आमची होडी एका बाजूला कलायला लागली. आत कपाटातून बरण्या पडल्याचा आवाज आला. अशा वेळी दोरी ओढत बसायचं नाही. खालच्या झडपा ताबडतोब बंद करायच्या आणि वरच्या उघडून पाणी परत चढवायचं. नवरा गेटवरच होता, त्याने तेच केलं. स्वयंसेवक लॉककीपरही धावत आले. मिनिटाभरात होडी सरळ झाली. दुसरा धोका मागच्या बाजूचा. वरच्या गेटखाली सिमेंटची किंवा दगडाची पायरी असते, सिल म्हणतात, तिची जागा पांढऱ्या रेषेने दाखवलेली असते. उतरताना होडीचा मागचा भाग त्या रेषेच्या पुढेच राहिला पाहिजे. तो सिलवर टेकला तर पुढचा भाग खाली जातो आणि होडी काही मिनिटांत भरते. म्हणून लॉकमध्ये एक माणूस झडपेपाशी आणि एक टिलरवर, म्हणजे सुकाणूच्या दांड्यावर, आणि दोघांनीही फोन खिशातच ठेवायचा.

घरातल्या गोष्टी. स्वयंपाकाला प्रोपेनचा १३ किलोचा सिलिंडर, नाकाडाजवळच्या कप्प्यात. त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी भोकं असतात, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळाला तर होडीच्या पोटात साचतो. भोकं बुजलेली नाहीत ना, हे मी दर वेळी सिलिंडर बदलताना बघते. कुकरच्या शिट्ट्या हिवाळ्यात महाग पडतात. वाफ थंड पोलादाला आणि काचेला धरते, सकाळी उशीवर थेंब पडतात. झाकणं ठेवून शिजवा, छपरातले वायुविजनाचे घुमट कधीही कापडाने बुजवू नका, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दर आठवड्याला दाबून बघा. कोळशाची मोर्सो स्क्विरल शेगडी मला होडीतली सर्वांत आवडती वस्तू आहे. रात्री बिनधुराचा कोळसा भरून हवा कमी केली की पहाटेपर्यंत निखारा राहतो. मेथीची भाजी आणि बाजरीचं पीठ अल्पर्टनला मिळतं, ईलिंग रोड कालव्यावरूनच जातो. पिशव्या घेऊन पाच मिनिटांत होडीवर.

कॅसेटचं, म्हणजे काढून नेता येणाऱ्या पेटीचं, संडास दोन माणसांना तीन दिवस पुरतं, मग ती पेटी हाताने नेऊन ठरलेल्या जागी रिकामी करायची. पंपआउटची, म्हणजे पंपाने उपसायची, मोठी टाकी सोयीची वाटते, पण ती भरली आणि कालवा गोठला तर तुम्ही अडकलात. कॅसेट हातगाडीवर घालून चालत नेता येते, म्हणून मी कॅसेटच्या बाजूची. वीज हे खरं दुखणं. लेड-ॲसिड बॅटऱ्या निम्म्यापेक्षा खाली उतरवल्या की लवकर मरतात, आणि डिसेंबरात छपरावरचे सोलर पॅनेल जवळजवळ शोभेचे असतात. दोन लॅपटॉप चालवायचे तर रोज इंजिन चालवावं लागतं, आणि तेही सकाळी आठ ते रात्री आठच्या दरम्यानच, शेजाऱ्यांसाठी. पुढच्या हिवाळ्याआधी आम्ही लिथियम बॅटऱ्या घालणार आहोत.

लंडनमध्ये मुख्य अडचण जागेची. कायमची जागा न घेता राहणाऱ्यांना १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, शहराच्या मध्यभागी तर कितीतरी ठिकाणी त्याहून कमी. त्यामुळे आयुष्य पंधरवड्यांत मोजायची सवय लागते. रीजंट्स कालव्यावर बांधलेल्या होडीलाच आपली होडी बांधायची पद्धत आहे. आधी विचारायचं, आणि दुसऱ्याच्या डेकवरून जाताना पुढच्या बाजूने जायचं. भरधाव जाणारी होडी मात्र मला आजही संतापवते. वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर, पण बांधलेल्या होड्यांजवळून तेवढाही चालत नाही. पाणी आधी ओढलं जातं, मग ढकललं जातं, आणि काठात ठोकलेल्या खुंट्या उपटून येतात. एकदा मीटिंगमध्ये असताना खिडकीतून समोरचा काठ सरकताना दिसला. मागची दोरी सुटली होती आणि होडी आडवी होऊन कालवा अडवत होती. खुंट्या एकेरी न ठोकता तिरक्या जोडीने ठोका, आणि मधली दोरी कधीही घट्ट बांधू नका, तिच्यामुळे होडी कलते.

तरीही याच शहरात पाण्यावरून जे दिसतं त्यासाठी मी हे सगळं परत करीन. इस्लिंग्टनच्या ८७८ मीटरच्या बोगद्यात काठ नाही, समोरून होडी आली तर जागा नाही, म्हणून आधी पलीकडच्या टोकाचा उजेड निरखायचा आणि मगच शिरायचं. घोडे वरून टेकडी ओलांडून जायचे आणि माणसं पाठीवर झोपून भिंतीला पाय लावत होडी ढकलायची. रीजंट्स पार्कच्या कडेला मॅकल्सफील्ड पूल आहे. १८७४ मध्ये बंदुकीची दारू नेणारी टिलबरी नावाची होडी त्याखाली उडाली, तिच्यावरची तीन माणसं गेली. पूल परत बांधताना तेच लोखंडी खांब वापरले, पण फिरवून, म्हणून घोड्यांच्या दोऱ्यांनी पाडलेल्या खाचा आता खांबांच्या दोन्ही अंगांना आहेत. आम्ही होडी अगदी हळू केली आणि मी खाचेत बोट घातलं. पहिलं पेर पूर्ण आत गेलं.

खर्चाचं थोडक्यात. लायसन्स, विमा, दर चार वर्षांनी सुरक्षा प्रमाणपत्र, दोन-तीन वर्षांनी होडी पाण्याबाहेर काढून तळाला काळा रंग. एप्रिल २०२४ पासून कायमची जागा नसलेल्यांना लायसन्सवर अधिभार आहे आणि तो दरवर्षी वाढतोय. लंडनच्या घरभाड्यापेक्षा हे सगळं मिळून आम्हाला कमीच पडतं, पण फक्त पैसे वाचवायला येणार असाल तर पहिल्या फेब्रुवारीतच विकाल.

घेण्याआधी आठवडाभर भाड्याने घ्या. बर्मिंगहॅमच्या गॅस स्ट्रीटपासून किंग्ज नॉर्टनपर्यंत एकही लॉक नाही, विद्यापीठ आणि बोर्नव्हिलचा चॉकलेटचा कारखाना वाटेत लागतात, टिलर हातात बसायला ही वाट उत्तम. मग परतीला फार्मर्स ब्रिजची तेरा लॉक उतरून चढा. त्या आठवड्यात पाण्याची टाकी भरणं आणि कॅसेट रिकामी करणं दोघांनीही आळीपाळीने करा. ही कामं पुढे एकावरच पडणार असतील तर ते तेव्हाच कळेल.