तरवड की कॅसिया ग्लॉका?

फाटकापाशी किंवा बांधावर पिवळ्या फुलांचं झुडूप हवं आणि पाणी घालायला रोज माणूस नाही, अशी अट असली की देशावर गाडी सहसा या दोन नावांवर येऊन थांबते. तरवड रानातला, कॅसिया ग्लॉका नर्सरीतला. दोन्ही शेंगवर्गातले, दोन्ही आता 'सेन्ना' या प्रजातीत जमा. 1982 साली अर्विन आणि बार्नेबी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 'कॅसिया'ची फोड केली, तेव्हा ग्लॉकाचं शास्त्रीय नाव सेन्ना सुरातेन्सिस झालं. नर्सरीच्या पाटीपर्यंत मात्र ते अजून पोचलेलं नाही. शेंगवर्गातलं झाड म्हणून जमिनीला नत्र मिळेल, ही आशा दोघांकडूनही ठेवू नका. यांच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी येत नाहीत.

आधी ओळख, कारण तरवड मागितला तर ग्लॉका हातात पडण्याची शक्यता बरीच. फूल नसलं तरी अडत नाही, पानाच्या देठाचं बूड बघा. तरवडाला तिथे कानाच्या पाळीसारखी रुंद, गोलसर उपपर्णं असतात आणि ती गळत नाहीत. तरवडाचं शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा, 'ऑरिक्युलाटा' म्हणजे कानवाला, ते त्यावरूनच. ग्लॉकाची उपपर्णं अरुंद, वाकडी आणि लवकर झडणारी. दुसरी खूण पानाच्या दांडीवर. तरवडात पर्णिकांच्या, म्हणजे दांडीवरच्या छोट्या पानांच्या, प्रत्येक जोडीमध्ये एक बारीक उभी ग्रंथी असते. ग्लॉकात ती खालच्या दोन-तीन जोड्यांपुरतीच. फूल उमललं असेल तर पुंकेसर मोजा. दोन्हींत दहाच, पण तरवडातले वरचे तीन खुरटे आणि वांझ, ग्लॉकातले दहाही कामाचे. शेंगेवर तर वादच मिटतो. तरवडाची शेंग कागदासारखी पातळ, फिकट तपकिरी, दोन बियांमध्ये चुणी पडलेली. ग्लॉकाची सपाट, गडद, चकचकीत.

तरवड मूळ भारत आणि श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यातला. नगर, सोलापूरच्या मुरमाड माळावर तो आपला आपण उगवतो. गुजरात-राजस्थानात तो आवळ, तमिळनाडूत आवारम, आणि तेलंगणात तंगेडू म्हणून राज्यफूल. सालीत टॅनिन भरपूर, म्हणून दक्षिणेत कातडी कमावायला ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. बांधावर लावणाऱ्याला एवढं पुरे. ग्लॉकाच्या शास्त्रीय नावात सुरत असली तरी तो आग्नेय आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आणि उष्ण प्रदेशांतल्या बागांमधून इतका पसरलाय, की त्याचं माहेर नेमकं सांगणं अवघड.

दिसण्यात ग्लॉका उजवा, हे मान्य करायला हवं. जवळजवळ बारमाही फुलतो, पान खालून निळसर-करडं, वाढ भराभर. तरवडाचा खरा बहर पावसाळ्यापासून थंडीपर्यंत, आणि न छाटलेलं झुडूप अस्ताव्यस्त दिसतं.

माझं पारडं फिरलं ते ग्लॉकाच्या कलंडण्याने. मुळं उथळ आणि डोक्यावर बारा महिने पानाफुलांचा, शेंगांचा भार. पहिल्या जोरदार वळवात झाड उन्मळत नाही, नुसतं झुकतं. खोडाच्या एका बाजूला माती फुगते, दुसऱ्या बाजूला बोटभर फट पडते. त्या फटीत पाणी मुरलं की पुढच्या वाऱ्याला आणखी झुकतं. बांबूचा आधार दिला तर तो काढेपर्यंतच सरळ. काढायला विसरलात तर दोरी सालीत रुतते. पिशवीत मुळं गोल फिरलेलं रोप तसंच लावलं की हमखास हे होतं. ठिबकची तोटी खोडाला चिकटून ठेवली तरी तेच, कारण ओल वरच मिळाली की मुळं खाली जात नाहीत. मे महिन्यात एक तृतीयांश डोकं छाटलं तर झुकणं कमी होतं, पण हे दरवर्षी करायचं. भिंतीच्या आडोशाला किंवा वारा नसलेल्या आवारात कदाचित तुम्हाला हा त्रास होणारही नाही.

तरवडाचं सोटमूळ खोल जातं, म्हणून तो उभा राहतो. त्याच मुळामुळे तो हलवलेलाही सोसत नाही. माळावरून उपटून आणलेलं रोप बहुधा मरतं. बी लावा. शेंगा झाडावरच वाळू द्या. बियांचं कवच कठीण असतं, तेव्हा सँडपेपरवर हलकं घासा किंवा उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर राहू द्या. फुगलेलं बी घ्या, न फुगलेलं पुन्हा घासा. बी थेट जागेवर टोकणं उत्तम. पिशवीत केलंच तर उंच पिशवी घ्या आणि रोप वीतभर झालं की पावसाच्या सुरुवातीला मातीचा गड्डा न फोडता लावा. कुंपणासाठी दोन रोपांत दोन ते अडीच फूट पुरतात. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत मात्र तरवड पिवळा पडून बसतो. तिथे गादीवाफा किंवा उताराची कड शोधा. कोकणातल्या पावसातही मी त्याचा आग्रह धरणार नाही.

पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारा मारू नका. पिवळसर-पांढऱ्या 'एमिग्रंट' जातीच्या फुलपाखरांच्या त्या असतात आणि खाल्लेलं झुडूप पुन्हा फुटतं. फुलांत मध नसतो, तरी परागासाठी भुंगे येतात. पुंकेसराच्या टोकाला बारीक भोकं असतात, भुंगा फुलाला धरून गुणगुणतो तेव्हा पराग त्यातून उडतात.

तरवडाची फुलं नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात. वैशाखात गुडघ्याच्या उंचीवर छाटलात तर घटाच्या माळेपुरती फुलं कुंपणावरच मिळतात.