लिफ्ट केलेल्या जिम्नीचं स्टिअरिंग आणि न बसवलेल्या पार्टांचं बिल

लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारे पार्ट) घातलेली सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी, आणि स्टिअरिंग थरथरतं म्हणून गॅरेज शोधत असलेल्यांसाठी हे लिहितोय. पुण्यातल्या एका ऑफ-रोड गॅरेजने माझ्याकडून ४४,००० रुपये घेतले. बिलात लिहिलेले दोन पार्ट गाडीला लागलेच नाहीत, आणि जो एक लागला त्याने दोष बरा न करता झाकून ठेवला. पैसे गेल्याचा राग आहेच. पण "हायवेला बिनधास्त न्या, सर" असं सांगून त्यांनी ती गाडी माझ्या ताब्यात दिली आणि मी तिच्यातून आईवडिलांना घेऊन साताऱ्याला निघालो, याचा राग अजून उतरलेला नाही.

गाडी २०२३ ची पाच दारांची मारुती जिम्नी. आधीच्या मालकाने दोन इंच उचललेली, टायरही मूळच्यापेक्षा मोठे. गावात काही जाणवायचं नाही. सत्तरच्या आसपास पुलाच्या जोडावरून पुढची चाकं गेली की मात्र स्टिअरिंग थरथरायला लागायचं, आणि ती थरथर आपोआप थांबायची नाही. वाढत वाढत अख्खा डॅशबोर्ड हलायचा. ब्रेक मारून वेग चाळीसच्या खाली आणला की मगच शांत. शिवाय गाडी सरळ चालवायची तर स्टिअरिंग थोडं डावीकडे धरावं लागायचं, आणि वळण संपल्यावर ते स्वतःहून मागे फिरायचं नाही.

हे असं का होतं ते आधी समजून घ्या, कारण सगळी लबाडी इथेच खपते. जिम्नीचा पुढचा एक्सल अखंड आहे, थेट जीपसारखा. त्याला धरून ठेवणारे दोन लांब आर्म मागे चॅसिसला जोडलेले असतात. उंच स्प्रिंग टाकल्या की आर्म जास्त तिरके होतात आणि त्यांच्याबरोबर एक्सल पुढच्या बाजूला झुकतो. म्हणजे कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, आणि स्टिअरिंगला स्वतःहून सरळ करणारा जोर जातो. दुसरी गोष्ट पॅनहार्ड रॉडची. हा आडवा रॉड एक्सलला डावी-उजवीकडे सरकू देत नाही. गाडी उचलली की तो तिरका होतो आणि अख्खा एक्सल थोडा एका बाजूला ओढला जातो. स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारी ड्रॅग लिंकही तशीच तिरकी होते, म्हणून स्टिअरिंग वाकडं दिसतं. या दोन्ही गोष्टींवर खरे उपाय आहेत: भोक मध्यापासून सरकवलेले कॅस्टर बुश (बुश म्हणजे आर्मच्या सांध्यात बसणारं लवचिक कडं), आणि लांबी कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड. त्यामुळे गॅरेजवाल्याने हीच नावं घेतली तेव्हा त्यात खोटं वाटण्यासारखं काही नव्हतं.

बिल असं होतं. स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा दांडा) १६,०००. अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉड १३,५००. कॅस्टर बुशचा सेट ८,५००. मजुरी आणि अलाइनमेंट मिळून ६,०००. सोबत अलाइनमेंटचा रंगीत प्रिंटाउट: आधीचे आकडे लाल, नंतरचे हिरवे. "सगळं ग्रीनमध्ये आणलंय, सर." जुने पार्ट मागितले तर उत्तर आलं, "ते भंगारात गेले, आधी बोलायला पाहिजे होतं."

थरथर खरोखरच कमी झाली होती, आणि या फसवणुकीत सगळ्यात वाईट ते हेच. नवा जाड डॅम्पर लावला की थरथर काही काळ दाबली जातेच. जिम्नीला कंपनीतूनच एक डॅम्पर येतो. तो रस्त्याचे धक्के हातापर्यंत येऊ नयेत म्हणून असतो, सैल झालेले सांधे धरून ठेवणं हे त्याचं कामच नाही. इकडे सांधे आणखी झिजत राहतात आणि चालवणाऱ्याला वाटतं गाडी सुधारली.

साताऱ्याच्या रस्त्यावर पुलाचा एक जोड लागला आणि थरथर पुन्हा उठली, पूर्वीपेक्षा जोरात. बाजूला ट्रक होता. आई मागून काही बोलली नाही, नुसता पुढच्या सीटचा पाठीचा भाग घट्ट धरून बसली. त्याच दिवशी डॅशबोर्डवर ईएसपीचा, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून सावरणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवाही लागला.

परत आल्यावर गाडी नेली ती जिप्सी आणि जुन्या जीपची कामं करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे. त्यांनी कुठलंही मशीन लावलं नाही. चाकं जमिनीवरच ठेवून इग्निशन चालू करायला लावलं, मला स्टिअरिंगवर बसवलं आणि म्हणाले, "थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, असं हलवत राहा." स्वतः खाली शिरले आणि एकेका सांध्यावर बोट ठेवून पाहत गेले. दोनच मिनिटांत हाक आली, "खाली या, तुमच्या डोळ्यांनी बघा."

पॅनहार्ड रॉड लाल रंगवलेला होता. लांबी बदलता येणाऱ्या रॉडला आटे असतात आणि चेकनट असतो. इथे दोन्ही नव्हते. कंपनीचाच रॉड, जागेवरच स्प्रे मारलेला. लाल रंग बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत ओघळून वाळला होता, म्हणजे त्या बोल्टला पाना लागलेलाच नाही. बोल्टभोवती त्या रंगाला गोल तडा गेला होता आणि तड्यातून गंजाची तांबूस पूड बाहेर येत होती. मी वर बसून स्टिअरिंग हलवत होतो तेव्हा रॉडचं ते टोक ब्रॅकेटमध्ये सरकत होतं. थरथरीचं मुख्य कारण तेच, आणि त्यांनी नेमक्या त्यावर रंग मारला होता.

आर्मचे बुशही कंपनीचेच, काळ्या रबराचे, भोक बरोबर मध्यावर. आर्म कधी उतरवल्याची खूण नाही. बुश बदलायचे तर आर्म काढून प्रेसवर न्यावे लागतात, ते काम लपत नाही. मग मिस्त्रींनी पुढचं चाक जॅकवर घेतलं, वर-खाली धरून हलवलं. खेळ, म्हणजे सैलपणा, होता. मला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवलं, तरी खेळ तसाच. "ब्रेक दाबल्यावर गेला असता तर व्हील बेअरिंग. गेला नाही, म्हणजे किंगपिन." किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो खुंटा. ही तपासणी कोणालाही घरच्या घरी करता येते.

प्रिंटाउट बघितल्यावर ते काही क्षण बोललेच नाहीत. त्यात पुढच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) लालमधून हिरव्यात आलेला दाखवला होता. अखंड एक्सलवर कॅम्बर फिरवायला जागाच नसते. अलाइनमेंटवाला पाना लावून बदलू शकतो तो फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली ते. त्याहून कहर म्हणजे मागच्या चाकांचाही टो "दुरुस्त" केलेला. मागचाही एक्सल अखंडच आहे, तिथे अ‍ॅडजस्ट करण्यासारखं काहीही नाही. आणि कॅस्टर, ज्याच्यासाठी साडेआठ हजार घेतले, तो आधी आणि नंतर तोच! कागद दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा असणार.

ईएसपीच्या दिव्याचं कोडंही तिथेच सुटलं. ड्रॅग लिंक अ‍ॅडजस्ट करून स्टिअरिंग मध्यावर आणण्याऐवजी त्यांनी स्टिअरिंगचं चाकच खेचून काढून दांड्यावरच्या खाचांमध्ये एक दात फिरवून बसवलं होतं. दिसायला सरळ, पण गाडी सरळ असताना सेन्सरला ती वळतेय असं वाटत राहतं. एअरबॅग असलेलं स्टिअरिंग काढायचं तर बॅटरी सोडवावी लागते. गाडी ताब्यात घेताना घड्याळ चुकीची वेळ दाखवत होतं, त्याचा अर्थ आता लागला.

पॅनहार्डचा बुश आणि बोल्ट नवा, किंगपिनची बेअरिंग नवी, चाकांचं बॅलन्सिंग, ड्रॅग लिंक नीट सेट करून स्टिअरिंग परत मूळ दातावर. हे सगळं त्या डॅम्परच्या किमतीपेक्षा कमी पैशांत झालं. स्प्रिंगाही मी मूळच्या घालून घेतल्या, त्याबरोबर कॅस्टर आणि एक्सलची जागा आपोआप पूर्ववत झाली. माझं स्पष्ट मत आहे की ताम्हिणीच्या आसपासच्या कच्च्या वाटांना मूळ २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स भरपूर आहे. कोणाला लिफ्ट ठेवायचीच असेल तर बुश आणि रॉड दोन्ही हवेत, आणि ते बसताना समोर उभं राहा. गाडी सोडण्याआधी त्याच गाडीचा, मॉडेल आणि तारीख छापलेला अलाइनमेंटचा कागद घ्या. जुने पार्ट परत द्यायचे हे जॉब कार्डवर लिहून घ्या, आणि सगळे बोल्ट स्वच्छ असताना खालून फोटो काढून ठेवा.

मी गॅरेजमध्ये परत गेलो तेव्हा मालक आधी म्हणाला, "सर, लिफ्टेड गाडी म्हटल्यावर थोडंफार असायचंच." फोटो दाखवल्यावर सूर बदलला: "तक्रार करायचीय ना, खुशाल करा. आरटीओ आधी तुमचीच गाडी धरेल." ही धमकी ते सर्रास वापरतात असं आता इतरांकडून ऐकतोय, आणि लोक गप्प बसतात ते याच भीतीने. कायदा खरा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेली रचना मनाने बदलता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. लिफ्ट केलेली गाडी विकत घेताना हे डोक्यात असूच द्या, विम्याचा दावाही त्यावरून अडू शकतो. पण न बसवलेल्या पार्टांचे पैसे घेणं ही वेगळी गोष्ट आहे. गाडी उंच होती म्हणून ते कायदेशीर होत नाही.

नशिबाने बिल पक्कं होतं, जीएसटी नंबरसकट. कच्च्या चिठ्ठीवर व्यवहार झाला असता तर हातात काहीच उरलं नसतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, फोटो आणि प्रिंटाउट जोडून स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. त्यानंतर रॉड आणि बुशचे २२,००० रुपये खात्यात आले, सोबत "गैरसमज झाला" असा एका ओळीचा मेसेज. डॅम्पर, मजुरी आणि खोट्या अलाइनमेंटचे पैसे द्यायला नकार आहे. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याच गॅरेजचं असं बिल कोणाकडे असेल आणि मुदत उलटली नसेल, तर आधी गाडीखाली शिरून पॅनहार्डचा बोल्ट बघा, फोटो काढा, आणि तक्रार लगेच टाका.