पंचगिरीच्या हंगामात रबरी रेझिस्टन्स बँड : काही महिन्यांच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यात शालेय बेसबॉल आणि सॉफ्टबॉलचे सामने पाऊस ओसरू लागताच सुरू होतात, आणि पंच मोजकेच असल्यामुळे एकाच माणसाला दिवसभरात दोन-तीन सामने उभे राहावे लागते. या दगदगीत पाय टिकावेत म्हणून मी पातळ, मध्यम आणि जाड अशा तीन गोल रबरी पट्ट्यांचा संच ऑनलाइन मागवला आणि संपूर्ण हंगामभर वापरला.

सर्वाधिक फायदा घोट्यांना झाला. काळी माती पावसात फुगते आणि उघडीप मिळताच भेगाळून दगडासारखी कडक होते. चेंडू आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागात, गेला की बेसजवळच्या (धावणारा खेळाडू जिथे पोहोचतो त्या ठिकाणच्या) पंचाला याच जमिनीवर आत धावत येऊन एका पायावर वळावे लागते आणि फलंदाजासोबत दुसऱ्या बेसपर्यंत नजर व पाय दोन्ही न्यावे लागतात. मध्यम पट्टा खाटेच्या पायाला अडकवून पाऊल हळूहळू बाहेर व आत वळवण्याचा व्यायाम रोज केल्यानंतर ही वळणे घेताना पाय पूर्वीसारखा लचकत नाही. जाड पट्टा गुडघ्यांच्या वर घालून अर्धवट बसक्या स्थितीत आडवी पावले टाकल्याने नितंबांच्या बाजूचे स्नायू बळावले आणि सामन्याच्या शेवटी गुडघे आत झुकणे कमी झाले.

मात्र फलंदाजाजवळच्या प्लेटमागे उभे राहण्याची ताकद या पट्ट्याने येईल, ही जाहिरातीतील भाषा मला पटली नाही. नऊ इनिंगच्या पूर्ण सामन्यात दोन्ही संघांचे मिळून दोनशेहून अधिक चेंडू सहज टाकले जातात, आणि प्रत्येक चेंडूला कॅचरच्या (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याच्या) खांद्यालगत खाली बसून चेंडू त्याच्या मिटमध्ये, म्हणजे हातमोज्यात, पडेपर्यंत डोके स्थिर ठेवावे लागते. शालेय सामने आखूड असले तरी ते लागोपाठ असतात. त्यासाठी बैठकाच हव्यात, त्याही संथ आणि खाली क्षणभर थांबून काढलेल्या. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून ज्या भागात आहे, तिथे हे सांगायला रबर विकणारा कशाला हवा! ऑक्टोबरच्या उन्हात मास्क आणि छातीचे कवच घालून येणारा थकवा तर वेगळाच. त्यावर दोन इनिंगच्या मधे मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पिणे हाच उपाय आहे.

टिकाऊपणाबाबत संच मध्यम प्रतीचा आहे. ऊन, उष्णता आणि घाम यांनी रबर लवकर जुने होते; टिनाच्या छपराखाली खिळ्याला टांगलेल्या पातळ पट्ट्यावर हंगाम संपण्याआधीच बारीक चिरा दिसू लागल्या, तर घामाचा हात पुसून, थोडी टाल्कम पावडर लावून धान्याच्या कोठीमागे सावलीत ठेवलेले उरलेले दोन अजून शाबूत आहेत. जाड पट्टा मांडीवर गुंडाळला जाऊन दोरीसारखा रुततो, म्हणून मांडीसाठी कापडी विणीचा पट्टा घ्यावा आणि घोट्यासाठी मध्यम रबरी पट्टा एकटा मिळत असल्यास तोच घ्यावा; पूर्ण संचाची गरज नाही.