नवा सर्व्हर घ्यावा की आधी डेटाबेस तपासून घ्यावा?

दुपारी एकची वेळ, सांगलीतल्या एका औषध वितरकाचं काउंटर. बिलिंगची चार मशीन, आणि तिघांवर औषधाचं नाव टाइप केलं की नुसतं चक्र फिरतंय. मुलगा उठतो, आत जाऊन सर्व्हर बंद-चालू करून येतो. मग तासभर सगळं सुरळीत. "रोजचंच आहे," असं म्हणत मालकांनी नव्या सर्व्हरचं कोटेशन माझ्यापुढे सरकवलं. 16 कोअर, 32 जीबी रॅम. "घेऊन टाकू का?"

मार्च एंड जवळ आला की हा प्रश्न मला हमखास येतो. म्हणून दोन्ही पर्याय शेजारी ठेवून पाहू. बोलणं मुख्यतः एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरबद्दल आहे (नावात सर्व्हर असलं तरी हे मशीन नव्हे), कारण बिलिंग-स्टॉकची बरीच सॉफ्टवेअर त्यावर चालतात, आणि छोट्या धंद्यात बहुतेक वेळा फुकटच्या एक्सप्रेस आवृत्तीवर. टॅलीचा डेटा त्याच्या स्वतःच्या फायलींत असतो, त्यामुळे ते प्रकरण वेगळं.

नव्या सर्व्हरच्या बाजूने बोलायचं तर, जुन्या मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क तासन्‌तास 100 टक्क्यांवर चिकटलेली दिसत असेल, तर एसएसडीने फरक पडतो. तो पहिल्याच दिवशी जाणवतो. पण त्यासाठी अख्खा सर्व्हर लागत नाही. आणि एक्सप्रेस वापरत असाल तर कोटेशनकडे पुन्हा बघा. 2016 ते 2022 च्या एक्सप्रेसमध्ये डेटा मेमरीत धरून ठेवायला जेमतेम 1,410 एमबी मिळते, आणि कोअर जास्तीत जास्त चार. 32 जीबीतली उरलेली रॅम आणि वरचे बारा कोअर शोभेला. हे कोटेशन देणाऱ्याने सांगितलं नव्हतं. त्याला कदाचित ठाऊकही नसेल.

सांगलीत मी आधी टास्क मॅनेजर उघडला. चक्र फिरतंय, माणसं खोळंबलीत, आणि सीपीयू वीस टक्क्यांच्या खाली, डिस्कही शांत. मशीन रिकामं आणि माणसं रांगेत, म्हणजे आत कुणीतरी दार अडवून बसलंय. 'एसपी_हू2' ही एसक्यूएल सर्व्हरची आज्ञा चालवली. त्यात कोण कुणामुळे अडकलंय ते दाखवणारा एक रकाना असतो, आणि त्यात सगळ्यांसमोर एकच आकडा होता. तो निघाला एक्स्पायरी रिपोर्टचा. मालकांचे धाकटे बंधू तो रोज साडेबाराला, सगळ्या बॅचेससाठी, काही वर्षांच्या तारखा टाकून काढत. एसक्यूएल सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याला अडवू शकतो. सर्व्हर बंद केला की रिपोर्ट मरतो, दार मोकळं होतं, आणि सगळ्यांना वाटतं मशीन दमलं होतं. नव्या सर्व्हरवरही हीच रांग लागली असती. एक इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी, घातला, आणि सॉफ्टवेअरवाल्याला विचारून वाचणाऱ्याने लिहिणाऱ्याला अडवू नये असं सेटिंग केलं. कोटेशन ड्रॉवरमध्ये गेलं.

तेव्हा खूण अशी धरा: बंद-चालू केल्यावर बरं वाटतं, किंवा सगळं ठीक असताना एकच स्क्रीन एकाएकी रखडते, तर आधी तपासणी. सगळंच, दिवसभर, महिनोन्‌महिने जड होत चाललंय आणि डिस्क धापा टाकतेय, तर हार्डवेअरचा विचार करा, पण तपासणीनंतर.

मात्र हळू चालणं हे मला सर्वांत कमी काळजीचं लक्षण वाटतं. निदान ते ओरडतं तरी. खरी भीती गुपचूप वाढणाऱ्या गोष्टींची.

त्यातली पहिली आकाराची. एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा आहे (2025 च्या आवृत्तीत ती 50 जीबी झाली, पण तुमचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का ते आधी विचारा). मर्यादा गाठली की काही हळू होत नाही. नवं बिल सेव्हच होत नाही. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं सक्तीचं झालं, म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड असाल तर डेटा पूर्वीपेक्षा लवकर फुगतो. एमडीएफ, म्हणजे डेटाची फाईल, 8 जीबीच्या पुढे गेली असेल तर तपासणी याच महिन्यात करा. शेजारची एलडीएफ, म्हणजे लॉगची (डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीची) फाईल, या मर्यादेत धरत नाहीत, पण ती डेटाच्या कित्येक पट झालेली दिसली तर बहुधा डेटाबेस 'फुल' पद्धतीवर (लॉगचा बॅकअप होईपर्यंत नोंदी जपून ठेवणारी) आहे आणि लॉगचा बॅकअप कुणीच घेत नाही. रोजच्या पूर्ण बॅकअपने ती रिकामी होत नाही, आणि एक दिवस डिस्कच भरते.

दुसरी गोष्ट बॅकअपची. एक्सप्रेसमध्ये वेळापत्रकाने काम करणारा एजंट नसतो, म्हणून बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरवर टाकलेला असतो. कुणी विंडोजचा पासवर्ड बदलला की तो बंद पडतो, आणि हे काउंटरवर कुणालाच कळत नाही. शिवाय चेकसम (डेटा खराब तर नाही ना, हे पाहणारी पडताळणी) न लावता घेतलेला बॅकअप खराब झालेली पानंही तशीच उचलतो. सात दिवसांचे बॅकअप फिरवत असाल तर आठव्या दिवशी शेवटची चांगली प्रतही पुसली जाते. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबमध्ये चुकून मुख्य डेटाबेसच उडाला. रोजचा बॅकअप जुन्या आवृत्तीच्या साधनामुळे होतच नव्हता आणि त्याच्या इशाऱ्याचे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी एकाने हाताने घेतलेली प्रत होती म्हणून तेवढ्यावर निभावलं. ती तर सॉफ्टवेअरचीच कंपनी. तुम्ही बॅकअपवरून शेवटचा रिस्टोअर दुसऱ्या मशीनवर कधी करून पाहिला, हे आठवत नसेल तर बाकी लक्षणं शोधूच नका, तपासणी करून घ्या.

आता तपासणी कुणाकडून? घरात संगणकाची आवड असलेला कुणी असेल तर एसक्यूएल सर्व्हरचे जाणकार ब्रेंट ओझार यांचं 'एसपी_ब्लिट्झ' हे तपासणीचं साधन फुकट मिळतं. ते बॅकअप, डेटाची अखंडता पाहणारं चेकडीबी शेवटचं कधी झालं, धोक्याची सेटिंग्ज, हे सगळं प्राधान्यक्रमाने दाखवतं. यादी लांबलचक येते, वरच्या दहा ओळींपलीकडे घाबरू नका. सॉफ्टवेअरवाल्याला एएमसीत हे करायला सांगता येतं, पण दोष त्याच्याच क्वेरीत (डेटा मागवणाऱ्या आज्ञेत) असेल तर तो हार्डवेअरकडे बोट दाखवणार, माणूस आहे. बाहेरच्या डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या तज्ज्ञाला, तसं कारण नसतं. मात्र सॉफ्टवेअरवाल्याच्या संमतीशिवाय त्याने टेबलांना हात लावता कामा नये, नाहीतर पुढच्या अपडेटला दोघं एकमेकांवर ढकलतील. माझ्या मते पहिल्यांदा बाहेरचा माणूस, पुढे दर तिमाहीला घरचा.

तपासणीला आलेला माणूस 'डेटाबेस श्रिंक करून देतो, फास्ट होईल' म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा. श्रिंकने फाईल लहान होते, इंडेक्स विस्कटतात, आणि फाईल पुन्हा वाढते.

वेळ महिन्याच्या 20 तारखेनंतरच्या रविवारची ठेवा, जीएसटीची रिटर्न भरून झालेली असतात. आणि येणाऱ्याला 'एसए'चा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या लॉगिनचा, पासवर्ड सांगू नका. त्याच्यासाठी वेगळं लॉगिन काढा, आणि तो जिना उतरायच्या आत बंद करा.