फर्मवेअर ठरलेल्या पत्त्यावर लिंक करावं की हलवता येईल असं ठेवावं?

फर्मवेअर म्हणजे उपकरणाच्या चिपवर थेट चालणारा प्रोग्रॅम, आणि लिंकर म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून त्याची एक इमेज बनवणारं साधन. ठरलेल्या पत्त्यावर लिंक केलं की सगळे पत्ते लिंकरच भरतो. स्टार्टअप कोडला डेटा सेक्शन (सुरुवातीची किंमत दिलेली व्हेरिएबल्स) फ्लॅशमधून रॅममध्ये आणायचं आणि बीएसएस (शून्यापासून सुरू होणारी व्हेरिएबल्स) शून्य करायचं, एवढंच काम उरतं. त्यासाठीच्या सीमा लिंकर स्क्रिप्टमधली (कोणता भाग मेमरीत कुठे जाईल ते सांगणाऱ्या फाइलमधली) सिम्बॉल्स, म्हणजे नावं, देतात, आणि बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. अशा सिम्बॉलला पत्ता असतो, मागे व्हेरिएबल नसतं. सीमध्ये ते इंटिजर म्हणून डिक्लेअर करून वाचलं, तर त्या पत्त्यावर जे काही पडलंय तेच हाती येतं, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. लांबी न देता कॅरेक्टर अ‍ॅरे म्हणून डिक्लेअर करा; मग नाव हाच पत्ता. रिव्ह्यूमध्ये मी दुसरी पद्धत मान्यच करत नाही.

हलवता येईल असा, म्हणजे पोझिशन इंडिपेंडंट कोड पत्ता स्वतःपासूनच्या अंतरावरून काढतो. पण फंक्शन पॉइंटरांच्या टेबलांना खरा पत्ताच लागतो. म्हणून लिंकर इमेजमध्ये रिलोकेशनची यादी, म्हणजे कुठले पॉइंटर दुरुस्त करायचे त्यांच्या नोंदी, ठेवतो, आणि सुरुवातीचा कोड त्या नोंदींनुसार प्रत्येक पॉइंटर दुरुस्त करतो. ६४ बिट आर्मवर ८ बाइटच्या पॉइंटरमागे २४ बाइटची नोंद पडते. ही दुरुस्ती होईपर्यंत अशी टेबलं वापरता येत नाहीत. शिवाय ६४ बिट आर्मवर पत्ते ४ केबीच्या पानांच्या हिशेबाने काढले जातात, त्यामुळे इमेज ४ केबीच्या पटीतच हलवावी लागते.

मायक्रोकंट्रोलरवर कोड थेट फ्लॅशमधून चालत असेल, तर मी निःशंकपणे ठरलेला पत्ता घेईन. फ्लॅशमधले पॉइंटर जागेवर दुरुस्त करता येत नाहीत. पॉइंटर असलेली कॉन्स्ट (एरवी न बदलणारी) टेबलंसुद्धा रॅममध्ये आणावी लागतात, आणि रॅमच तर तिथे कमी असते. त्याहून मोठी अडचण म्हणजे कोडचा स्लॉट, म्हणजे फ्लॅशमधली इमेजची जागा, बदलला तरी रॅम जागची हलत नाही, त्यामुळे दोघांमधलं अंतर चुकतं. दोन स्लॉटांमधून चालवायचं असेल तर दोन पत्त्यांसाठी दोन बिल्ड करा. बूटलोडर (सुरुवातीला चालून फर्मवेअर सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) नवी इमेज नेहमी एकाच जागी आणत असेल, तर तेही नको.

पत्ता चालू झाल्यावरच कळणार असेल तेव्हा मात्र रिलोकेशनला पर्याय नाही. यू-बूट हा बूटलोडर रॅम किती आहे ते पाहून स्वतःला तिच्या वरच्या टोकाकडे हलवतो. अशा वेळी यादी चालवणारा कोड छोटा ठेवा. प्रत्येक बिल्डनंतर रिलोकेशनचे प्रकारही तपासा; तुमचा कोड ओळखत नाही असा एकही प्रकार दिसला, तर बिल्ड थांबवा.